सोलापूर ते दिल्ली: नेटवरचे दोन तास आणि घरापासूनचे अकरा तास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही जुळे सोलापुरात राहता. बहिणीच्या बाळाचं बारसं जानेवारीत आहे, दिल्लीच्या द्वारका भागात, रविवारी. सत्तरीच्या आईंना घेऊन जायचंय आणि त्यांचे गुडघे दुखतात. नेटवर "सोलापूर–दिल्ली हवाई अंतर 1,220 किमी, विमानाचा वेळ 2 तास" असं दिसलं. तिकीट शोधायला गेलात तर कुठे सहा तास, कुठे साडेनऊ तास, कुठे थेट दुसऱ्या दिवशीची सकाळ. यातलं खरं काय आणि पुणे, मुंबई, हैदराबाद यांपैकी कुठून जावं, हे तुम्हाला हवंय. शिवाय दुबईहून येणाऱ्या भावाच्या तिकिटावर जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार तास का दिसतात, हेही विचारलंय.

सोलापुरात तिकिटांच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. हा गोंधळ घेऊन येणारी माणसं काउंटरवर रोज भेटतात. नेटवरचा आकडा खोटा नाही आणि तिकिटाचा आकडाही खोटा नाही. दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तुम्हाला लागणारं उत्तर तिसरंच आहे: घराला कुलूप लावल्यापासून बहिणीच्या दाराची बेल वाजवेपर्यंत किती वेळ लागेल?

पहिला आकडा, 1,220 किमी. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट मोजली की तो येतो. अंतर दाखवणाऱ्या बऱ्याच साइट्स पुढे त्याला ताशी 800 किमीच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि वर चढायला-खाली उतरायला अर्धा तास धरतात. 1,220 भागिले 800 म्हणजे साधारण दीड तास, अधिक अर्धा तास, झाले दोन तास. गणित बरोबर आहे. फक्त त्या साइटला सोलापूरहून दिल्लीला थेट विमान आहे की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. ती कोणत्याही दोन गावांमधला "विमानाचा वेळ" सांगेल, मग त्या गावांत विमानतळ असो वा नसो. थेट विमान नसेल तेव्हा हा आकडा फक्त माहितीपुरता वाचायचा.

दुसरा आकडा तिकिटावरचा. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जातं ती, आणि पोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर उभं राहतं ती. यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. पुणे–दिल्ली सरळ अंतर सुमारे 1,150 किमी. विमान हवेत असतं पावणेदोन तासांच्या आसपास, पण तिकिटावर सव्वादोन तास किंवा थोडे जास्तच दिसतात. मधला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, रांगेत थांबण्यात आणि उतरल्यावर गेटपर्यंत येण्यात जातो. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत. लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर चाकं जमिनीला लागल्यावरही पंधरा-वीस मिनिटं विमान नुसतं चालत राहतं. त्यातच कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात, कारण ठरल्या वेळेच्या 15 मिनिटांच्या आत पोचलं तर ते विमान वेळेवर धरलं जातं. म्हणून कधीकधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

वाटही सरळ नसते. विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, लष्कराच्या हद्दी टाळतात, पावसाळी ढगांना वळसा घालतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणारी आपली विमानं दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून फिरून जाऊ लागली. शहरं जागच्या जागी राहिली आणि प्रवास लांबला. तुमच्या प्रवासात असा मोठा वळसा नाही, त्यामुळे इथे जास्त थांबत नाही.

आता खरा मुद्दा, कुठून जावं. सोलापूरच्या माणसाला वाटतं, दिल्ली उत्तरेला आहे, मग पश्चिमेला मुंबईला जाऊन पुन्हा वर जाणं म्हणजे केवढा फेरा! हिशेब करून बघा. सोलापूर–मुंबई सरळ अंतर सुमारे 360 किमी, मुंबई–दिल्ली सुमारे 1,140. बेरीज 1,500 किमी. थेट गेलं असतं तर 1,220. म्हणजे फेरा फक्त 280 किमीचा, आणि जेट विमानाला तेवढं अंतर कापायला वीस-बावीस मिनिटं पुरतात. फेऱ्यामुळे वेळ जातच नाही. वेळ जातो तो मध्ये थांबण्यात. म्हणून मी गिऱ्हाइकाला अंतर सांगतच नाही. कुठे किती थांबावं लागेल आणि ते थांबणं कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे सांगतो.

जबाबदारी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सोलापूर–मुंबई आणि मुंबई–दिल्ली ही दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यामुळे दुसरं चुकल्यास तुम्हाला पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. सामानही बहुतेक वेळा सोलापूरलाच दिलं की दिल्लीला मिळतं. दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास मुंबईत संपला आणि दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आलाच नाहीत. पैसे गेले, आणि मुंबईत बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा काउंटरवर द्यायच्या त्या वेगळ्याच. वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत तीन तासांपेक्षा कमी अंतर मी ठेवू देत नाही, आईंसारखं कोणी बरोबर असेल तर चार तास.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हल्ली डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडायला लागली. काही अ‍ॅपवर दोन्ही विमानतळ "मुंबई" या एकाच नावाखाली येतात. सोलापूरचं विमान जुन्या विमानतळावर उतरलं आणि पुढचं उलव्याच्या या नव्या विमानतळावरून असलं, तर मध्ये अख्खी मुंबई पार करायची. जुन्या विमानतळातही टर्मिनल 1 सांताक्रूझकडे आणि टर्मिनल 2 सहारला, एकातून बाहेर पडून दुसरीकडे जावं लागतं. म्हणून तिकीट काढण्याआधी शहराच्या नावाखालचा कोड आणि टर्मिनलचा आकडा वाचा. कोड बीओएम असेल तर जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई.

सोलापूरचं विमान ही सोय आपल्याला फार वाट बघून मिळाली आहे. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली, सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईचं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्यांच्यासाठी होटगी रोडवरचा हा विमानतळ मोठा आधार आहे. जुळे सोलापूरहून आसरा चौकातून निघालात की वीस मिनिटांत दारात. पण लहान विमानतळाचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कोणत्या वारी विमान आहे आणि किती वाजता, हे कंपनीच्याच साइटवर बघा, मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. दिवसातून एखादंच विमान असेल आणि ते रद्द झालं, तर पर्याय दुसऱ्या दिवशीचा. बारशाची तारीख हलत नाही, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

पुण्याचा पर्याय बहुतेक सोलापूरकर गाडीने घेतात. अंतर सुमारे 250 किमी. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणपर्यंत गाडी छान पळते आणि माणूस मनात म्हणतो, चार तासांत पोचतो. खरी परीक्षा यवत सोडल्यावर. उरुळी कांचनपासून गर्दी वाढते, हडपसरला अडकलात तर घड्याळाकडे बघण्याशिवाय हातात काही राहत नाही. लोहगाव विमानतळाला जायचं असेल तर हडपसरपर्यंत जायलाच हवं असं नाही. थेऊर फाट्यावरून उजवीकडे वळून थेऊर, केसनंद, वाघोली करत लोहगावला जाता येतं. रस्ता अरुंद आहे आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात, वाघोलीलाही गर्दी असते. त्यामुळे यवतला थांबून मोबाइलवर दोन्ही वाटांचा वेळ बघायचा आणि मग ठरवायचं. आईंसाठी मध्ये दोनदा थांबणं धरा. असा सगळा हिशेब पाच ते साडेपाच तासांचा होतो.

हैदराबादचं थोडक्यात. दिल्लीसाठी मी ते सुचवत नाही. तिथल्या शमशाबाद विमानतळापर्यंत रस्त्याने तीनशे किमीच्या वर, आणि तिथून दिल्ली सुमारे 1,260 किमी, म्हणजे सोलापूरपासूनच्या सरळ अंतरापेक्षाही जास्त. चेन्नई, विशाखापट्टणमला जायचं असेल तर मात्र हैदराबाद चांगलं. पटनचेरूजवळ आउटर रिंग रोड धरला की शहरात न शिरता थेट विमानतळावर पोचता येतं.

तुमच्या बाबतीत माझी पहिली पसंती आहे वंदे भारतने पुणे आणि पुण्याहून दुपारचं विमान. गाडी सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि नऊच्या पुढेमागे पुण्याला पोचते. आईंना पाय लांब करता येतात, स्वच्छतागृह डब्यातच आहे, हडपसरच्या गर्दीचा संबंध नाही. आठवड्यात एक दिवस ही गाडी नसते, तेवढा वार बघून घ्या. पुणे स्टेशनवरून लोहगाव दहा किमीच्या आत-बाहेर, टॅक्सीने पाऊण तास धरा. म्हणजे दहा-सव्वादहाला विमानतळावर. गाडीला तासभर उशीर झाला तरी चालावं म्हणून विमान साडेबारा ते दीडच्या दरम्यानचं घ्या. काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद करतात आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी.

हा दिवस उलटीकडून मांडून दाखवतो, कारण आम्ही काउंटरवर असाच मांडतो. द्वारकेला पोचायचं दुपारी चार ते साडेचारपर्यंत. दिल्लीत विमान उभं राहायला हवं पावणेतीन-तीनला, कारण व्हीलचेअरच्या प्रवाशाला शेवटी उतरवतात, मग बॅगा, मग टॅक्सी. म्हणजे पुण्याहून सुटायला हवं साडेबारा-पाऊणला. काउंटरवर साडेदहाला. पुणे स्टेशनवर नऊ-सव्वानऊला. सोलापूर स्टेशनवर पहाटे साडेपाचला, घरातून पाचला. पाच ते साडेचार, जास्तीत जास्त साडेअकरा तास. त्यातला हवेतला वेळ पावणेदोन तास. मुंबईमार्गे विमानाने गेलात तर वेगळ्या तिकिटांवर साधारण साडेनऊ-दहा तास होतात. वेळ थोडा वाचतो, पण द्वारकेला पोचायला बहुधा रात्र होते आणि दोनदा चढ-उतार करावी लागते. एकाच पीएनआरवर दोन-अडीच तासांच्या थांब्याचं तिकीट मिळत असेल, तर मात्र माझी पसंती बदलेल. तेव्हा मुंबईमार्गेच जा.

जानेवारी आहे म्हणून दिल्लीच्या धुक्याबद्दल सांगायलाच हवं. डिसेंबर-जानेवारीत तिथे मध्यरात्रीनंतर धुकं दाटतं आणि सकाळी उशिरापर्यंत राहतं. त्यामुळे पहाटे-सकाळी दिल्लीत उतरणारी स्वस्त तिकिटं मी म्हाताऱ्या माणसांसाठी काढत नाही. दुपारी उतरणं सर्वांत बरं. मात्र दुपारचं विमानही धुक्यापासून सुटलेलं नसतं. पुण्याहून साडेबाराला जाणारं विमान बहुधा सकाळी दुसऱ्याच शहरातून पुण्याला आलेलं असतं, आणि ते दिल्लीहूनच येणार असेल तर तिथल्या सकाळच्या धुक्याचा उशीर ते बरोबर घेऊन येतं. पुण्यात लख्ख ऊन आणि फलकावर दोन तास उशीर, याचं कारण हे. विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर तुमचा फ्लाइट नंबर टाका. येणारं विमान कुठे आहे ते सकाळी गाडीत बसल्या बसल्याच कळेल. आणि बारसं रविवारी असेल तर शनिवारी निघू नका, शुक्रवारी निघा. एक रात्र हाताशी असली की धुकं असो वा गाडीचा उशीर, जीव टांगणीला लागत नाही.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान 48 तास आधी तरी. मागताना प्रकार नीट सांगा, कारण नुसतं "व्हीलचेअर" लिहिलं की बहुतेक वेळा डब्ल्यूसीएचआर नोंदवलं जातं. त्याचा अर्थ लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. आईंना पायऱ्या चढवत नसतील तर डब्ल्यूसीएचएस हवं. जागेपर्यंत न्यावं लागत असेल तर डब्ल्यूसीएचसी. विमान एरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणाऱ्या पुलाला, न लागता लांब उभं राहिलं की बसमधून उतरून शिडी चढावी लागते, आणि तिथे या एका अक्षराने फरक पडतो: रॅम्प किंवा लिफ्टची गाडी येते की नाही. सीट आइलची, म्हणजे मधल्या वाटेलगतची घ्या, पुढच्या रांगांतली.

सामानाबद्दल एकच गोष्ट, पण बारशाला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. सुकं खोबरं तेलकट असल्यामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात नेऊ देत नाहीत, 2022 पासून चेक-इन बॅगेतही नाही. बॅग स्कॅनमध्ये दिसली की तुम्हाला परत बोलावतात, उघडायला लावतात, आणि जपून राखलेली वीस मिनिटं तिथे जातात. खोबरं दिल्लीत विकत घ्या. देशातल्या विमानांत बहुतेक ठिकाणी 15 किलोची बॅग आणि 7 किलोची हातातली पिशवी चालते. तुम्ही सोलापुरी चादरी देणार असाल तर घरीच वजन करून बघा, दोन जोड्यांतच बॅग भरते.

आता भावाचं दुबईचं तिकीट. तिकिटावर दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी 10 ला निघालं आणि दुबईत 11:45 ला पोचलं, तर दिसतात पावणेदोन तास, पण त्यात दीड तास मिळवायचा: सव्वातीन तास. येताना दुबईहून 10 ला निघून मुंबईत दुपारी 2:30 ला, दिसतात साडेचार तास, त्यातून दीड तास वजा: तीन तास. अंतर दोन्हीकडे सारखंच, सुमारे 1,930 किमी. उरलेला पंधरा मिनिटांचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. आपल्याकडे उंचावर वारे बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोराने, त्यामुळे येणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटा मिळतो. मुंबई–कोलकात्यालाही हेच दिसतं: जाताना कमी वेळ, येताना जास्त. दिल्ली आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला, म्हणून तुमच्या तिकिटात हा फरक फारसा जाणवणार नाही. भावाला मुंबईत उतरून पुढे दिल्लीला यायचं असेल, तर इमिग्रेशन आणि कस्टम मुंबईतच होईल. त्यानेही मध्ये चार तास ठेवावेत. त्यापेक्षा दुबई–दिल्ली थेट तिकीट बघायला सांगा.

येतानाचा विचार आत्ताच करून ठेवा. लोक जायचं नीट ठरवतात आणि परतीला संध्याकाळी उशिराचं विमान घेतात, मग रात्री बाराला लोहगावहून सोलापूरची गाडी शोधत बसतात. मुंबईहून येणारी वंदे भारत संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्याला येते आणि पावणेअकरापर्यंत सोलापूरला सोडते. ती धरायची तर दिल्लीहून असं विमान घ्या जे दुपारी चारपर्यंत पुण्यात उतरेल, म्हणजे दिल्लीहून दीड-पावणेदोनच्या आसपास सुटणारं. तोवर दिल्लीचं धुकंही विरलेलं असतं. तसं विमान मिळालं नाही, तर पुण्यात रात्र काढून सकाळी निघा. आईंना घेऊन रात्रीचा पाच तासांचा रस्ता टाळा. विमानांचे नंबर आणि वेळा ठरल्या की इथेच लिहा, मधले थांबे पुरेसे आहेत का ते बघून सांगतो.